फसलेलं वेत वाचताना

अजगर पाळणाऱ्याला एक सोय असते. मादीने अंडी घातली की ती इन्क्युबेटरमध्ये जातात, अंधारात टॉर्च लावून आतल्या रक्तवाहिन्या बघता येतात आणि कुठलं अंडं कधी गेलं तेही कळतं. बोआ (अजगरासारखाच दिसणारा मोठा साप) मात्र अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. सगळं काही तिच्या पोटात घडतं. चार महिने पोट भरत गेलेलं दिसतं आणि मग एका रात्रीत निकाल टबात, म्हणजे सापाच्या प्लास्टिकच्या पेटीत, पडलेला असतो. कधी पंचवीस तरतरीत पिल्लं, कधी आठ पिल्लं आणि वाढ न झालेल्या अंड्यांचे सतरा पिवळे गोळे, कधी नुसते गोळेच. सगळ्यात जिव्हारी लागतात ती पूर्ण वाढलेली, पाठीवरची नक्षी जागच्या जागी असलेली, पण मेलेली पिल्लं.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्या पंधरा मिनिटांत जी चूक करतात, तिच्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. वास असतो, मन खट्टू झालेलं असतं, म्हणून जिवंत पिल्लं बाजूला काढून बाकीचं सगळं पिशवीत गुंडाळून फेकून दिलं जातं. नंतर महिनोन्महिने चर्चा चालते की नर कमजोर होता का, गर्मी जास्त झाली का, मादीच वाईट निघाली का. ज्यात उत्तर होतं ते केव्हाच कचऱ्यात गेलेलं असतं. वेतातली प्रत्येक मेलेली गोष्ट एका ठरावीक काळाकडे बोट दाखवते. फलनच न झालेला गोळा ओव्ह्युलेशनच्या (अंडाशयातून अंडी सुटण्याच्या) आधीची गोष्ट सांगतो, अर्धवट वाढलेला गर्भ मधल्या आठवड्यांची आणि पूर्ण वाढून मेलेलं पिल्लू शेवटच्या दिवसांची. हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांना एकच औषध नाही.

इथे पुढे जे लिहितोय ते मुख्यतः बोआ इम्पेरेटरबद्दल आहे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाला राहणारा हा साप. अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी पाळला जाणारा 'कोलंबियन बोआ' तो हाच. सुरीनाम-गयानाकडचे खरे लाल शेपटीचे बोआ उशिरा वयात येतात आणि तापमानाच्या बाबतीत जास्त हळवे असतात, त्यांचे आकडे जरा वेगळे धरावे लागतात. वेत 'वाईट' कशाला म्हणायचं हेही सापाच्या मूळ गावावर ठरतं. कोलंबियन मादीला वीस-पंचवीस पिल्लं हा साधा आकडा आहे. होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरची बुटकी 'हॉग आयलंड' मादी मात्र सात-आठ पिल्लं देऊन थांबली तर तिच्यात काहीही बिघडलेलं नाही. शेजाऱ्याच्या मादीने चाळीस दिली म्हणून आपल्या मादीवर उपचार सुरू करू नयेत.

आता तो टब. हातमोजे घालायचे, पसरट ट्रेमध्ये ओला पेपर टॉवेल अंथरायचा आणि सगळं गटागटाने मांडायचं: जिवंत आणि ठणठणीत, जिवंत पण बलक बाहेर असलेली, पूर्ण वाढून मेलेली, अर्धवट, आणि गोळे. प्रत्येक गट मोजायचा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा. जिवंत पिल्लांचं वजन एकेक करून घ्यायचं. कोलंबियन पिल्लू साधारण ५० ते ७५ ग्रॅम भरतं. सगळं वेतच ३५-४० ग्रॅमचं असेल तर तीही एक नोंद आहे. हे काम लवकर उरकावं, कारण व्यालेली मादी कधी कधी गोळे आणि मेलेली पिल्लं गिळून टाकते. इंद्रधनुषी बोआमध्ये या सवयीचा चांगला अभ्यास झाला आहे. बाळंतपणात गेलेली ताकद ती त्यातून भरून काढते. त्यात तिचं काही चुकत नाही, पण आपला हिशेब चुकतो.

गोळ्यांना ब्रीडर 'स्लग' म्हणतात. नुसत्या फलन न झालेल्या बलकाचा गोळा पिवळा ते नारिंगी, घट्ट आणि मेणचट असतो. कापला तर आत उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा एकसारखा भुगा. पण वरून तसाच दिसणारा गोळा कापल्यावर कधी कडेला रक्ताची बारीक रेघ, एखादी पांढुरकी चकती किंवा तांदळाएवढा वळलेला गर्भ निघतो. तिथे फलन झालं होतं, गर्भ पहिल्या काही आठवड्यांत गेला. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारात नराकडे आणि तारखांकडे बघायचं असतं, तर दुसऱ्यात मादीच्या खालच्या उष्णतेकडे आणि तब्येतीकडे. म्हणून निदान सहा-सात गोळे ब्लेडने मधोमध कापून बघावेत. पूर्ण वाढलेल्या मेलेल्या पिल्लांपैकी दोन-तीन ताजी पिल्लं फ्रिजमध्ये, साधारण ४ अंशांवर ठेवून चोवीस तासांत सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावीत. फ्रीझरमध्ये गोठवली तर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. विषाणूच्या तपासणीसाठी मात्र एखादं गोठवलेलं चालतं, त्यामुळे एक तिकडे ठेवावं.

समजा, सगळे किंवा जवळजवळ सगळे गोळेच निघाले आणि कापल्यावर आत काहीच नाही. मग पहिला प्रश्न असा की जोड लागली (मीलन झालं) होतं का, आणि लागली असेल तर कधी. उत्तरेकडच्या देशांत बोआची जोडी नोव्हेंबर ते मार्चदरम्यान लावतात. त्याआधी दोन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं करतात आणि रात्रीचं तापमान २१ ते २३ अंशांपर्यंत उतरवतात; दिवसा ३० अंशांची ऊब मिळत राहते. असं सहा ते दहा आठवडे चालतं. नर मादीसोबत तीन-चार दिवस, मग दोन-तीन दिवस वेगळा, ही रीत चांगली, कारण सतत एकत्र राहिले की नराचा उत्साह मावळतो. शेपट्या एकमेकांभोवती गुंडाळलेल्या दिसल्या म्हणजे जोड लागली असं नव्हे. मादीने शेपूट उचललेली आणि दोघांची अवस्करद्वारं (शेपटीच्या मुळाशी असलेली मल-जननाची एकच वाट) एकमेकांना भिडलेली दिसली, तरच तारीख लिहायची.

सर्वांत जास्त गोळे ज्या चुकीतून निघतात, ती मला वाटतं ही: नर लवकर काढून घेणं. थंडीनंतर मादीच्या पोटात फॉलिकल (अंडाशयातली वाढती अंडी) वाढू लागतात, कंबर जाड होते, ती खाणं सोडते, कुशीवर पडून ऊब घेते. पाळणाऱ्याला वाटतं ती गाभण राहिली. नर काढला जातो. खरं तर ओव्ह्युलेशन अजून पाच-सहा आठवडे लांब असतं. मादी नराचे शुक्राणू पोटात साठवून ठेवू शकते हे खरं, पण जोड एखाददुसरीच लागली असेल तर त्या साठ्यावर पंचवीस अंड्यांचं भागेल याची खात्री नाही. ओव्ह्युलेशन झालं की मादीच्या शरीराचा मधला भाग असा फुगतो की तिने नुकताच मोठा उंदीर गिळला असावा असं वाटतं. ती सूज बारा तास ते दीड दिवस टिकते आणि उतरते. ती दिसेपर्यंत नराच्या फेऱ्या चालू ठेवायच्या. ती चुकून दिसली नाही तर पुढची खूण आहेच: ओव्ह्युलेशननंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी मादी कात टाकते. ती कात ब्रीडर 'पीओएस' (पोस्ट-ओव्ह्युलेशन शेड) म्हणून नोंदवतात आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यापासून धरतात. हाताशी अल्ट्रासाउंड करणारा पशुवैद्य असेल तर फॉलिकल वाढताहेत की गर्भ, हा घोळ एका तपासणीत मिटतो.

एक गोष्ट इथे वेगळी करून सांगायला हवी. मादी जाड झाली, खाणं सोडलं, आणि मग हळूहळू बारीक होऊन काहीच न देता पुन्हा खायला लागली, तर ते वाईट वेत नाही. तिने फॉलिकल परत शरीरात शोषून घेतले, ओव्ह्युलेशन झालंच नाही. याचं कारण बहुतेकदा अपुरी थंडी, अपुरं वजन किंवा अपुरं वय यांपैकी एक असतं. गोळे पडणं म्हणजे ओव्ह्युलेशन झालं, माल बाहेर आला, पण फलन झालं नाही किंवा टिकलं नाही.

तारखा बरोबर असूनही गोळेच पडले तर नर तपासावा. हे अवघड नाही, पण फार कमी जण करतात. जोड सुटल्यावर लगेच मादीच्या अवस्करद्वाराशी आलेला द्रव कापसाच्या काडीवर घ्यायचा, स्लाइडवर सलाइनचा एक थेंब टाकून त्यात फिरवायचा, वर कव्हरस्लिप ठेवून ४०० पट मोठं करून बघायचं. स्लाइड थंडगार नको, शुक्राणू थंडीने गारठतात आणि नराची उगाच बदनामी होते. हलणाऱ्या शेपट्यांची गर्दी दिसली तर नर दोषमुक्त. काहीच दिसलं नाही तर आठ-दहा दिवसांनी परत बघायचं; एका नमुन्यावर कुणालाही वांझ ठरवू नये. नराचं बिनसतं ते ठरावीक कारणांनी. दीड वर्षाचा नर जोड लावतो म्हणून त्याला लावलं जातं, पण भरवशाचं फलन तीन वर्षांपुढचे नर देतात. एकाच नराला एका हंगामात पाच-सहा माद्यांकडे फिरवलं की शेवटच्या माद्यांच्या वाट्याला गोळे येतात. लठ्ठ नर आळशी असतो. आणि ज्या नराला थंडी मिळालीच नाही, जो वर्षभर ३२ अंशांच्या हीट मॅटवर (टबाखालच्या विजेच्या उबदार चटईवर) लोळत राहिला, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. मादीला थंडी द्यायची म्हणून तिचा टब खालच्या कप्प्यात हलवला आणि नर मात्र वरच्या उबदार कप्प्यातच राहिला, हे टब एकावर एक ठेवायच्या रॅकमध्ये सर्रास घडतं.

गोळ्यांच्या ढिगात दोन-चारच पिल्लं, सगळी माद्या, आणि त्यांच्यावर बापाच्या मॉर्फचं (वारशाने येणाऱ्या खास रंग-नक्षीचं) एकही चिन्ह नाही, असं वेत दिसलं तर थांबून विचार करावा. बोआ मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका मादीने दोन वेतांत मिळून दिलेली २२ पिल्लं डीएनए तपासून बिनबापाची ठरली. सगळ्या माद्या होत्या आणि आईचाच कॅरमेल हा अप्रभावी (जनुकाच्या दोन प्रती असल्या तरच दिसणारा) रंग सगळ्यांत उतरला होता. तिच्यासोबत नर ठेवलेले होते, तरीही. २०१७ मध्ये बोआमध्ये आपल्यासारखीच एक्स-वाय गुणसूत्रं असल्याचं दाखवलं गेलं, आणि अशी पिल्लं सगळी मादीच का निघतात हेही त्यातून सरळ झालं: आईकडे वाय गुणसूत्र नसतंच. व्यवहारात याचा अर्थ असा की वेतात दोन पिल्लं आली म्हणून 'नर चालतो' असा निष्कर्ष काढू नये. कदाचित नराचं योगदान शून्य असेल.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे उष्णतेकडे. पूर्ण किंवा अर्धवट वाढून मेलेली पिल्लं, वाकडा कणा, न उमललेले डोळे हे सगळं समोर आलं की माझा पहिला संशय नेहमी उष्णतेवर जातो, आणि त्यातही ती कुठे मोजली यावर. गाभण मादीला ३१ ते ३२ अंशांची एक जागा हवी, २५-२६ अंशांची दुसरी, आणि मधला उतार. रात्री २४ च्या खाली नको. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. बिघडतं ते असं: थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) टबाच्या बाहेर, हीट मॅटला चिकटवलेला असतो आणि ३२ दाखवत असतो. टबाच्या आत, प्लास्टिकच्या वर, रिकाम्या जागेचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजलं तर तेही ठीक येतं. पण मादी जेव्हा तीन-चार किलोचं अंग वेटोळं घालून त्या जागेवर दोन-दोन दिवस ठेवते, तेव्हा खालची उष्णता वर सुटत नाही. तिच्या पोटाखाली ३५-३६ अंश होतात, आणि गर्भ बरोबर तिथेच असतात. मोजायचं ते तिथे. बारीक तारेचा प्रोब टबाच्या तळाला, ती बसते त्याच ठिकाणी टेपने पक्का चिकटवून दोन दिवस कमाल-किमान नोंद घ्यावी. मी तर म्हणेन, मादी गाभण राहण्याच्या आधीच, तेवढ्याच वजनाची पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून त्या जागी ठेवावी आणि ही तपासणी उरकून घ्यावी. शिवाय प्रोब सैल सुटून मॅटपासून बाजूला गेला की थर्मोस्टॅट गार हवा मोजतो आणि मॅटला करंट देतच राहतो. एका दुपारीत वेत संपतं. म्हणून मॅटवर दुसरा, स्वतंत्र कटऑफ थर्मोस्टॅट ३४ अंशांवर लावून ठेवणं मी चैन मानत नाही.

मादीला शहाणपण असतं, तिला ऊब नको झाली की ती सरकते, असं म्हणतात. ते खरं आहे, पण तिला सरकायला जागा हवी. लपायची पेटी फक्त गरम बाजूला असेल तर तिच्यापुढे दोनच पर्याय उरतात: लपून भाजणं किंवा उघड्यावर पडून निवणं. बोआ बहुधा लपण्याची निवड करते. दोन्ही टोकांना एकसारख्या पेट्या ठेवल्या की तिचं शहाणपण कामाला येतं. गरम जागा टबाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी असू नये.

तापमानाचा एक साक्षीदार असा आहे की तो कुठल्याही उपकरणाशिवाय बोलतो. पीओएसपासून बाळंतपणापर्यंत साधारण १०० ते १२० दिवस लागतात, बहुतेक माद्या १०५ च्या आसपास वितात. ९२-९५ दिवसांतच मादी व्याली, पिल्लांच्या पोटाला लिंबाएवढा बलक लोंबतोय, तर गर्भकाळ गरम गेला असण्याची शक्यता मोठी. १३० दिवस ओलांडले आणि पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली आली, तर गारव्याकडे बघावं. अर्थात त्यासाठी पीओएसची तारीख खरी हवी. ओव्ह्युलेशनच्या आधी टाकलेली एखादी साधी कातच पीओएस समजून मोजायला सुरुवात केली की महिनाभराचा फरक पडतो. मग 'दिवस भरून गेले' म्हणून घाबरून मादीला इंजेक्शन टोचलं जातं आणि अपुऱ्या दिवसांची पिल्लं बाहेर येतात. कात कधी पडली एवढंच लिहून भागत नाही. त्याआधी मधल्या अंगाची सूज दिसली होती का, तेही लिहावं.

वाकडी पिल्लं उष्णतेमुळे की रक्ताच्या नात्यामुळे, हे ओळखायला एक साधी पारख आहे. दोष वेतात सगळीकडे विखुरलेला असेल, वेगवेगळ्या रंगाच्या पिल्लांत, कमी-जास्त प्रमाणात, तर वातावरणावर संशय घ्यावा. अगदी एकाच प्रकारचा दोष ठरावीक पिल्लांत, चारांत एकाच्या आसपास आणि पुढच्या वेतातही तसाच, तर तो वारशाने आलेला असतो. दुर्मिळ अप्रभावी रंग मिळवायला पिढ्यान्‌पिढ्या भाऊ-बहीण, आई-मुलगा जुळवले जातात, आणि त्या रंगासोबत दोषही दुप्पट होऊन बाहेर येतात. अशी जोडी पुन्हा लावू नये, कितीही महाग मॉर्फ असो. मोटली (पाठीच्या नक्षीचा एक मॉर्फ) मोटलीलाच लावून 'सुपर', म्हणजे त्या जनुकाच्या दोन प्रतींची पिल्लं, काढण्याचा मोहही टाळावा. ती पिल्लं दिसायला देखणी जन्मतात आणि त्यांतली बरीच पहिल्या एक-दोन वर्षांत दगावतात.

मादीच्या तब्येतीबद्दल थोडक्यात. चार वर्षांच्या आतली आणि दोन किलोच्या खालची कोलंबियन मादी लावू नये. बुटक्या जातींना वजनाची अट सैल. दर आठवड्याला उंदीर कोंबून दोन वर्षांत दोन किलो केलेली मादी वजनाला भरते, वयाला नाही. शेपटीच्या मुळाशी गोलाई आणि वळताना कातडीला घड्या दिसल्या की ती लठ्ठ आहे, आणि लठ्ठ मादी गोळे जास्त देते. प्रौढ मादीला तीन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. तो उंदीर स्वतः काय खाऊन वाढला हेही बघावं. पाव आणि उष्ट्यावर वाढलेल्या उंदरात फारसं काही नसतं. लागोपाठच्या वर्षी दुसरं वेत घेणं ही आणखी एक घाई. निसर्गात बोआ माद्या दरवर्षी वीत नाहीत. गाभण असताना कृमिनाशक, माइटची (अंगावरच्या बारीक परजीवींवरची) फवारणी हे सगळं टाळून हंगामाच्या आधी उरकावं.

आणि एक आजार असा आहे की त्याची तपासणी केल्याशिवाय मी कुठलीही जोडी लावायला सांगणार नाही: इन्क्लूजन बॉडी डिसीज. रेप्टारेना नावाच्या विषाणूंशी त्याचा संबंध २०१२ पासून पुढे येत गेला. बोआ तो वर्षानुवर्षं अंगात बाळगून वरून ठणठणीत दिसू शकते, आणि आई-बापाकडून तो पिल्लांत उतरतो हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. पिल्लं जन्मली, खायला लागली आणि मग एकेक करून ओकत, सुकत गेली, तर दोष वेतात शोधण्याआधी आई-बाप दोघांचं रक्त आणि अन्ननलिकेचा स्वॅब पीसीआरला पाठवावा. एक निगेटिव्ह अहवाल पुरेसा नाही, काही महिन्यांनी परत करावा.

पूर्ण वाढून, सरळ कण्याची, तरीही मेलेली पिल्लं कधी कधी शेवटच्या तासाभरात गेलेली असतात. पिल्लू ज्यात जन्मतं ती पातळ पिशवी नाकावर चिकटून राहते आणि पिल्लू ती फोडू शकत नाही. व्याल्याबरोबर कुणी जवळ असेल तर नाकापाशी चिमट्याने पिशवीला छेद द्यावा, एवढंच. बलक ओढू नये, नाळ तोडू नये; ओल्या पेपर टॉवेलवर २८-२९ अंशांत ठेवलं की एक ते तीन दिवसांत बलक आत जातो किंवा आपोआप गळून पडतो. शेवटच्या दोन आठवड्यांत पाण्याचं मोठं भांडं काढून उथळ वाटी ठेवावी, कारण मादी पाण्यात बसून व्याली तर पिशवीतली पिल्लं बुडतात. टब कोरडा ठणठणीत असेल तर पिशव्या चिवट होतात. साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. मादीच्या पोटात गाठ राहिली असं बोटांना जाणवलं, किंवा दोन-तीन दिवसांनीही ती जोर करत राहिली, तर आत गोळा अडकलाय. तिथे घरगुती उपाय नकोत. तो कुजला तर मादी जाते.

आपल्याकडे बोआ पाळणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, जी अमेरिकेतल्या सूचनांत सापडत नाही. डिसेंबर-जानेवारीत जोडी लावली तर गर्भकाळाचे दिवस बरोबर एप्रिल-मे-जूनमध्ये येतात. पुण्यात थंडी नीट मिळते, मुंबईत रात्रीचे २१-२३ अंश खोलीत गाठणंही कठीण जातं. पण खरा घोळ उन्हाळ्यात होतो. थर्मोस्टॅट हीट मॅट बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोली ३८ अंशांवर गेली की टबात गार बाजू नावाची गोष्टच उरत नाही, आणि मॅट बंद असूनही वेत भाजतं. खोली २६-२७ अंशांवर ठेवणारा एसी, आणि वीज गेली तर चालेल असा इन्व्हर्टर, हे नसेल तर त्या वर्षी मादी लावू नये. कायद्याचंही आहे. बोआ साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, आणि पिल्लं जन्मली की तीही कळवायची असतात. आपल्या शेतातलं मांडूळ मात्र या चर्चेत येतच नाही. ते पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे.

व्यालेल्या मादीला कोमट पाण्यात बसवून स्वच्छ करावं, टब धुवून तिचा वास घालवावा, आणि आठवड्याभराने नेहमीपेक्षा लहान उंदीर द्यावा. लगेच मोठं खाणं दिलं तर ती ओकते, आणि बोआचं ओकणं भरून यायला महिने लागतात. तिचं वजन हंगामाच्या आधीच्या आकड्यावर येईपर्यंत पुढची जोडी नाही, मग त्याला एक वर्ष लागो की दोन. पुढच्या वेळी सगळं एकदम बदलू नये. गोळे कापून आत काहीच नव्हतं तर फक्त नर बदलावा आणि तापमान तसंच ठेवावं. गर्भ मधे मेले होते तर नर तोच ठेवून मॅट बदलावी. दोन्ही एकदम बदलून चांगलं वेत आलं तर कशाने आलं ते कळत नाही, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न पुढे येतो. तपासलेला नर, मोजलेली ऊब, स्वच्छ अहवाल, पुरेशी विश्रांती, आणि तरीही दोन वेतं गोळ्यांचीच गेली, तर त्या मादीला पुन्हा नराकडे पाठवू नये. बोआ वीस-तीस वर्षं जगते, आणि पिल्लं न देताही ती पाळायला तितकीच चांगली असते.